दहा पाऊणे साडेसात

माझी मुलगी परदेशात लोकांना छोट्या होड्यांतून समुद्रावर फिरवते. गावात कोणी विचारलं की मी आधी सांगायचो, "टुरिस्ट कंपनीत आहे." होडी वल्हवते म्हटलं की माणसं हसायची. म्हणायची, "मग आपली खाडी काय वाईट होती?" त्यांचंही खोटं नव्हतं. डोंबिवलीच्या खाडीत मी स्वतः चोवीस वर्षं होडीवर काढली. तेच करायला पोरीने विमानात बसून जायचं, हे मलाही पटलेलं नव्हतं. तिच्या आईला पटलेलं. घरात दोघांपैकी एकाला पटलं की पुरे, आणि तो एक नेहमी बायकोच असायची.

माझा धंदा रेतीचा. आता बंद झाला, बरंच झालं. मी डुबी मारणारा होतो. होडीच्या कडेला लांब बांबू तळात रोवायचा, तो धरून बादलीसकट खाली जायचं, चाचपडत रेती भरायची आणि दोरी हलवायची. मग वरचे दोघं बादली ओढणार. पाणी एवढं गढूळ, की डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. चोवीस वर्षं पाण्याखाली गेलो, पण पाण्याखाली काय असतं ते कधी बघितलं नाही. हाताला लागेल तेवढंच कळायचं. ही रेती, हा गाळ, ही कोणाची तरी चप्पल.

होडी ओहोटीवर न्यायची आणि भरतीवर आणायची. वेळ घड्याळात नाही, तिथीत बघायची. मी चौथी शिकलेला. शाळेतलं बाकी सगळं विसरलो, पण पाऊणकी जन्मभर कामाला आली. तिथीला पाऊणने गुणायचं, भरती किती वाजता ते निघतं. अष्टमी असली तर आठ पाऊणे सहा. सहा वाजता पाणी काठोकाठ. आज्याने बापाला शिकवलं, बापाने मला. थोडं इकडे तिकडे व्हायचं, पण पाऊणकीने आम्हाला कधी फसवलं नाही.

मुलगी जन्मली त्या दिवशी मी खाडीत होतो. होडी रेतीने भरलेली आणि पाणी उतरलेलं, गाळात रुतून बसलो. काठावरून पुतण्या बोंबलत होता, "काका, पोरगी झाली, पोरगी! चल ना!" मी इकडून बोंबललो, "पाणी नाय रे!" भरलेली होडी सोडून यायचं नाही, हा आमच्यातला नियम. सहा तास काढले. चिखलाच्या पायांनी दवाखान्यात पोचलो तेव्हा सासूने मला बघून तोंड फिरवलं. माझी बायको बाजेवरून म्हणाली, "आये, त्याला कशाला बोलतेस? पानी आल्याशिवाय होरी कशी येल?"

पुढे तिला ते वाक्यच लागलं. बसला उशीर झाला, गॅसचा सिलिंडर आला नाही, नळाला पाणी नाही, मी कुठे रखडलो, सगळ्याला एकच उत्तर. पानी आल्याशिवाय होरी कशी येल? चाळीस वर्षांच्या संसारात मला उशीर झाला म्हणून ती एकदाही भांडली नाही. बाकी पुष्कळ गोष्टींवरून भांडली.

रेती बंद झाल्यावर मी घोडबंदर रोडला एका टॉवरच्या स्विमिंग पूलवर लागलो. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, खुर्चीवर बसून साहेबांची पोरं सांभाळायची. निळं पाणी, तळाची फरशी मोजून घ्यावी असं स्वच्छ, पण आम्हाला त्यात उतरायची परवानगी नव्हती. कोणी बुडालं तरच उतरायचं. बारा वर्षांत कोणी बुडालं नाही. तेव्हा तेही पाणी आतून बघायचं राहिलं.

पोरगी पोहायला शिकली खडवलीला, तिच्या मावशीकडे, भातसा नदीत. कॉलेजात असताना तिथेच एका कॅम्पवाल्याकडे लागली. शहरातल्या पोरांना टायरच्या नळीवर बसवून नदीतून न्यायची. मग डोंगरातला कोर्स, मग आणखी कुठला कोर्स, आणि मग पासपोर्ट. सहा महिने न्यूझीलंड, सहा महिने नॉर्वे. जिथे उन्हाळा तिथे ती. तिची आई म्हणायची, "माझी पोर सूर्याच्या मागं फिरते." रोज फोनवर एकमेकींची तोंडं बघत तास तास बोलायच्या. भाकरी भाजताना बायको फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि तव्यावरची भाकरी फुगली की पोरीला दाखवायची.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी बायको गेली. सकाळी चहा टाकला, खाली बसली, ती उठलीच नाही. पोरगी तेव्हा कुठल्या तरी बेटांकडे लोकांना घेऊन गेलेली. फोन लागेना. आली ती पाचव्या दिवशी. तोवर सगळं झालं होतं.

दहाव्याला खाडीच्या घाटावर, भावकीतल्या सगळ्यांसमोर, मी तिला बोललो. "लोकांना होडीत फिरवायला वेळ होता तुला. आईला शेवटचं बघायला नव्हता."

ती माझं ओलं धोतर घेऊन पिळत राहिली, पाणी संपलं तरी पिळत राहिली. तेरावं झालं आणि ती गेली.

त्यानंतर फोन यायचे. "बाबा, जेवलास? गोळी घेतलीस? ठेवते." तासाचे फोन दीड मिनिटावर आले. मी काय बोललो ते मला बोलतानाच कळलेलं. पण तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं, ते चौथीपर्यंत शिकवत नाहीत. वर्षश्राद्ध झालं आणि तिने न्यूझीलंडचं तिकीट पाठवलं. "महिनाभर ये. मी काय करते ते तरी बघ." मी बॅग भरली. मला होड्या बघायच्या नव्हत्या. मला ते वाक्य परत घ्यायचं होतं, आणि त्याला एक महिना होता.

तिने बजावलेलं, खाण्याचं काही आणू नकोस. म्हणून मी फक्त अर्धा किलो जवळा आणला. विमानतळावरच्या बाईने पिशवी उघडली, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा मीच तीन दिवसांचा मासा आहे. जवळा गेला. बाहेर पोरगी उभी होती, उन्हाने माझ्यापेक्षा काळी झालेली.

"काय घेतलं त्यांनी?"

"काय नाय."

"जवळा?"

"थोडासा."

ती हसली. वर्षाने पहिल्यांदा तिचं हसणं ऐकलं. मनात म्हटलं, अर्धा किलो गेला तो कामी आला.

घरी जाऊ म्हणाली आणि पार्किंगमधल्या एका गाडीचं मागचं दार उघडलं. आत पलंग, शेगडी, पातेली, दोरीवर वाळत घातलेले मोजे. मी विचारलं, "घर कुठे?" म्हणाली, "हेच." मी गाडीला एक चक्कर मारली.

"लग्न नाही, घर नाही. चाकं तरी चार आहेत ना?"

"पाच. एक मागे आहे, स्टेपनी."

"आईला माहीत होतं?"

"आईने पडद्याचा रंग सांगितलेला."

पडदे पोपटी होते. आमच्या घरात आहेत तसेच. मी आत जाऊन पलंगावर बसलो आणि थोडा वेळ चपलाच काढत राहिलो.

पहिले वीस दिवस आम्ही आत डोंगरात, एका मोठ्या तळ्याकाठी होतो. तिथे तिचं नव्या लोकांना शिकवायचं काम चाललेलं. पलंग मला आणि ती बाहेर तंबूत. सकाळी उठून गवतावर उभं राहून दात घासायचे, समोर बर्फाचा डोंगर. मी तिच्या होड्यांच्या दोऱ्या बघितल्या आणि सगळ्या गाठी सोडून परत मारल्या. पोरं बघायला जमली. मग रोज एक गाठ शिकवायला लागलो. भाषा नको, दोरी पुरते. दोन दिवसांत सगळे मला "बाबा" म्हणायला लागले. पोरीला माझा राग आला की ती चिडून म्हणायची, "यांचा बाबा हो आता."

सगळं होत होतं, ते एक वाक्य तेवढं होत नव्हतं. दोनदा तोंड उघडलं. एकदा विचारलं, "मीठ आहे का?" दुसऱ्यांदा नुसताच खोकलो.

परतीच्या आधी समुद्रावरची तीन दिवसांची सहल होती, उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर. पाहुणे सहा. त्यात पांढऱ्या बारीक केसांची एक म्हातारी होती, माझ्याच वयाची. हात चपळ आणि तोंड त्याहून चपळ. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या, आणि दोघांचं छान जमायचं. पोरीच्या होडीवर पुढे एक छापलेला कागद चिकटवलेला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, भरती-ओहोटीच्या वेळा.

"कागदात बघून?"

"मग कशात बघायचं?"

मी खिशातून घरच्या कॅलेंडरचं घडी घातलेलं पान काढलं. त्यावर आपल्या तिथी. मी म्हटलं, "तिथी असताना कागद कशाला? तुझा आजा काय कागद घेऊन जायचा?"

"बाबा, इथल्या पाण्याचं वेगळं आहे."

"का? चंद्र एकच आहे ना?"

तिने मान हलवली आणि वाद सोडला. आईसारखीच आहे. वाद सोडते, पण हरलेली नसते.

निघायच्या आधी सगळ्यांची एक परीक्षा असते. या होड्या अरुंद, माणूस वरच्या भोकात कंबरेपर्यंत बसतो आणि भोकावर रबरी घागरा ताणून बसवतो, म्हणजे आत पाणी येत नाही. होडी उलटली तर डोकं खाली, पाय वर. तेव्हा घाबरायचं नाही, घागरा ओढून सोडवायचा आणि बाहेर यायचं. प्रत्येकाला एकदा मुद्दाम उलटवतात. त्याशिवाय कोणाला पुढे नेत नाहीत, मग तो राजा असला तरी. सहाजण उलटले, धापा टाकत वर आले, टाळ्या पडल्या. मग मी. सत्तरी ओलांडलेला माणूस, कंबरेला घागरा. म्हातारीने मला बघून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पोरगी म्हणाली, "बाबा, नाटक नको. खाली, घागरा, वर."

मी उलटलो.

डोळे उघडले आणि दिसलं! वाळू दिसली, वाळूवरच्या पाण्याच्या रेघा दिसल्या, शिंपल्यांचे तुकडे, बोटाएवढे मासे, ते माझ्या नाकासमोरून गेले आणि परत बघायला आले. ऊन पाण्यातून तळापर्यंत आलेलं, हलत होतं. चोवीस वर्षं ज्या रेतीवर मी पोट भरलं ती अशी असते होय! मी कुठला वर येतो? लटकून राहिलो आणि सवयीने मोजायला लागलो. पन्नास झाले. वरून कोणी तरी होडीवर थापा मारत होतं. मी बोटाने एक शिंपला उचलला. साठ झाले. मग घागरा सोडवला आणि वर आलो.

वर गोंधळ. एक पाहुणा छातीभर पाण्यात उडी मारून माझ्याकडे यायला निघालेला, म्हातारी ओरडत होती. आणि माझी पोरगी कंबरेवर हात ठेवून उभी, खदखदून हसत होती. ती त्यांना इंग्रजीत काही तरी सांगत होती. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगितलं, थांबा जरा. तो बुडालेला नाही, बघतोय."

तिला कसं कळलं, विचारलं नाही. शिंपला खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. मुक्काम एका छोट्या किनाऱ्यावर, बाजूला एक खाडी आत गेलेली. आणि खाडीच्या तोंडाशी काय, तर तिवरं! आपल्या खाडीत असतात तशीच, चिखलातून वर आलेल्या बोटांसारख्या मुळांसकट. वाससुद्धा तोच. मला राहवेना. पान काढलं. शुद्ध दशमी. दहा पाऊणे साडेसात. म्हणजे साडेसातपर्यंत पाणी चढणार. आता साडेसहा. एक तास पाण्याबरोबर आत जायचं, तिवरं बघायची, आणि उतरत्या पाण्याबरोबर चहाला परत. सगळे झोपलेले. कोणाला सांगितलं नाही. आमच्यात निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारत नाहीत, अपशकुन मानतात. त्यामुळे सांगून जायचीही सवय नाही.

आत जाताना पाणी समोरून येत होतं. हाताला कळत होतं. मी म्हटलं, वरून नदीचं पाणी येत असेल. कडेच्या चिखलावर ओली रेघ दिसत होती, पाण्याच्या वितभर वर. डोळ्यांना दिसत होतं, हाताला कळत होतं, पण पाऊणकी सांगत होती चढतंय. मी पाऊणकीचं ऐकलं. अर्ध्या तासाने होडीचं बूड तळाला खरवडलं, आणखी थोड्या वेळाने होडी बसली. पाणी नळाची तोटी सोडल्यासारखं निघून गेलं. चोहीकडे चिखल, मधे मी. जन्माचा खाडीवाला, शुद्ध दशमीला गाळात!

मला एकट्यालाच हसू आलं. मोठ्याने हसलो. तिवरांतून एक बगळा उडाला.

उतरून चालून बघितलं, एक पाय मांडीपर्यंत गेला. परत होडीत बसलो. होडी सोडायची नाही. मग शिट्टीचा आवाज आला. लांब किनाऱ्यावर पोरगी धावत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पाण्यात कंबरेपर्यंत, मग परत. तिला मी दिसत नव्हतो, मला ती दिसत होती. माझं हसणं तिथेच थांबलं. मी वल्हं उंच धरून हलवलं. तिने बघितलं आणि जागच्या जागी खाली बसली. गुडघ्यांवर.

मला वाटलं, आता येईल. ती नाही आली. उठली, माघारी गेली. सहा पाहुण्यांना किनाऱ्याच्या वरच्या गवतावर आणलं, ओळीने बसवलं. हात लांब करून एकेकाला मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. म्हातारीच्या गळ्यात स्वतःची शिट्टी अडकवली, तिला काही तरी समजावलं. परत एकदा मोजलं. आणि मग माझ्याकडे निघाली.

चिखलावरून कशी आली ते सांगायला पाहिजे. आमच्या गावच्या बायका निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरायला जाताना फळीवर एक गुडघा टेकतात आणि दुसऱ्या पायाने रेटत चिखलावरून सरपटतात. तशी. रिकाम्या होडीवर एक गुडघा, एक पाय चिखलात, सपासप. लहानपणी आजीबरोबर दोन-चारदा गेली असेल. त्या देशात हे कोणत्या कोर्सात शिकवत नसणार.

आली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "कुठे चाललास ते सांगता येत नाही तुला?"

"आपल्यात निघालेल्याला विचारत नाहीत."

"विचारत नाहीत! सांगतात तरी! मला वाटलं..." मग म्हणाली, "दशमी ना आज? दहा पाऊणे साडेसात?"

"हो."

"इथे चार वाजताच भरून गेलं पाणी. पहाटे चारला. चंद्र एकच आहे बाबा, पण प्रत्येक किनाऱ्याला त्याचं पाणी वेगळ्या वेळेला पोचतं."

"मग आता?"

"आता दुपारी. एक वाजेपर्यंत बस."

तिने पिशवीतून थर्मास काढला. चिखलाने भरलेल्या दोन होड्या एकमेकींना लावून आम्ही चहा प्यायलो. साखर जास्त होती, तिच्या आईसारखी.

मी विचारलं, "मला बघितलंस, तेव्हा आधी त्यांच्याकडे का गेलीस?"

"ते माझ्या भरवशावर आलेत. त्यांना असंच टाकून तुझ्याकडे आले असते आणि त्यातला एक पाण्यात गेला असता तर? आधी बसवायचं, मोजायचं, मग जायचं." मग कपाकडे बघत म्हणाली, "आईच्या वेळेलाही तसंच केलं."

मी कप होडीवर ठेवला.

"फोन नव्हता, पण आमच्याकडे संकटात वापरायचं एक यंत्र असतं. त्यावर ऑफिसने कळवलं, त्याच संध्याकाळी. आठ माणसं होती बरोबर, त्यात दोन लहान मुलं. दोन दिवसांच्या अंतरावर बेट. वारा वाढलेला. एकटी असते तर सकाळीच निघाले असते. दोन दिवस त्यांना वल्हवत आणलं. त्यांना काही सांगितलं नाही, मुलं घाबरली असती. गाणी म्हणत आणलं. आठ मोजले, धक्क्यावर चढवले, आणि मग विमान."

वर्षभर मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. दहाव्याला घाटावर मी जे बोललो, ते ऐकून ती धोतर पिळत राहिली, पण हे बोलली नाही. का, म्हणून विचारलं.

"तू तेव्हा आईचा नवरा होतास," ती म्हणाली. "तुझ्याशी काय भांडायचं?"

महिनाभर जे तोंडात आडवं बसलेलं ते तेव्हा सरळ झालं. पण माफ कर वगैरे माझ्या तोंडाला येत नाही, कधी आलं नाही. माझ्याकडे होतं ते एकच वाक्य, आणि तेही माझं नव्हतं. मी आजूबाजूच्या चिखलाकडे बघितलं आणि म्हटलं, "बाय, पानी आल्याशिवाय होरी कशी येल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. कप हातात तसाच. मग रडली. मग हसली. मग दोन्ही एकदम, नाक पुसायला चिखलाचा हात घेतला आणि मिश्या काढल्या. मी म्हटलं, "तुझ्या आज्यासारखी दिसतेस." तिने मूठभर चिखल उचलून माझ्या टोपीवर मारला. सत्तरी ओलांडलेल्या बापाला! मीही मारला. किनाऱ्यावरून म्हातारीने शिट्टी फुंकली. तिला वाटलं, आमची मारामारी चालली.

मग आईबद्दल बोललो. फोनवरच्या भाकरीबद्दल, पोपटी पडद्यांबद्दल, ती रागावली की भांडी कशी आपटायची त्याबद्दल. पडद्यांची ती गोष्ट सोडली, तर वर्षभर आम्ही दोघांनी तिचं नाव एकमेकांसमोर काढलं नव्हतं. पाणी यायला पाच तास लागले, आणि मला वाटलं आणखी दोन लागले तरी चालतील.

पाणी पहिल्यांदा मुळांच्या बोटांमधून आलं, आवाज न करता. बारीक खेकडे बिळात गेले. होडीचं बूड हललं. मी वल्हं उचललं तेव्हा पोरगी म्हणाली, "माझ्या मागे राहायचं. पुढे जायचं नाही." मी म्हटलं, "हो बाई." आणि मागे राहिलो.

किनाऱ्यावर म्हातारीने सगळ्यांना अजून ओळीत बसवून ठेवलेलं. एकालाही लघवीला एकटं जाऊ दिलं नव्हतं म्हणे. आम्ही लागल्याबरोबर ती उठली, पोरीसारखाच हात लांब केला आणि मोजायला लागली. सहा झाले, पोरगी सात. माझ्यापाशी येऊन माझ्या छातीला बोट टेकवलं, जरा जोरातच, आणि तिच्या भाषेत आठ म्हणाली. तेवढं मला कळलं.

आता गावात कोणी विचारलं, मुलगी काय करते, तर मी टुरिस्ट कंपनी सांगत नाही. म्हणतो, "माणसं समुद्रावर नेते आणि परत आणते. निघताना आठ, येताना आठ." मग कोणी हसत नाही. एकाने विचारलं, "पगार किती?" त्याला म्हटलं, तू डुबी मारून ये, मग सांगतो.

शिंपला बायकोच्या फोटोपुढे ठेवलाय. खाली नेऊन तिला रेती दाखवायची राहिली, तर निदान एवढं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथीखाली मी आता दोन वेळा लिहितो, एक आमच्या खाडीची आणि एक पोरगी जिथे असेल तिथली. दुसरी ती सांगते, पाऊणकी नाही.

निघण्याआधी ती आता फोन करते. "बाबा, सहा दिवस फोन लागणार नाही. सातजण आहेत, मी आठवी." फोन परत पूर्वीसारखा लांबतो. मी भाकरी भाजतो, फोन पिठाच्या डब्याला टेकवून. माझी फुगत नाही. ती तिकडून सांगते, आता उलट, आता उलट, जळली.

आज चौथा दिवस आहे. शेजारीण मघाशी विचारत होती, पोरीचा फोन नाही आला वाटतं? मी म्हटलं, येईल. पाणी आलं की येईल.